कडू न लागलेला कडुनिंब

त्या वर्षी पाडव्याला कडुनिंब कडू लागला नाही, आणि मला वाटलं, माझी जीभ गेली.

वाटायला कारणही होतं. आधी एक कान गेला, मग गुडघे. आता जिभेची पाळी असेल. आमच्याकडे आधी कडुनिंबाची नुसती पानं चावायची आणि मगच गुळाचा खडा तोंडात टाकायचा, ही माझ्या आईची शिस्त. सुनंदाने लग्नानंतर ती तशीच चालवली. मी पानं चावली. कोथिंबीर चावावी तसं वाटलं. मी सुनंदाकडे पाहिलं. ती शांतपणे चघळत होती. सणाला घरी आलेल्या वृंदाने, आमच्या मुलीने, तर आणखी चार पानं उचलली.

"आई, यंदाचा पाला छान आहे गं."

"कोवळा आहे," सुनंदा म्हणाली.

"उन्हाळा लवकर आला ना, त्याने बदलला असेल."

वृंदा रसायनशास्त्रातली डॉक्टरेट. ती म्हणते म्हणजे तसंच असणार. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला चांगलं जमतं. उभा जन्म कोरणगावच्या वाचनालयात, 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढला आहे.

खरं तर पाण्याचं मी आधी सांगायला हवं होतं.

आमच्या कोरणगावला एकाच धरणाचं पाणी येतं. उन्हाळे लांबत गेले तसं धरणातलं पाणी कमी, कोमट आणि हिरवं होत गेलं. त्यात जे शेवाळ वाढतं ते मरताना एक पदार्थ सोडतं. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीला जो वास येतो तो याच पदार्थाचा. शेतात तो आवडतो, पेल्यात नाही. माणसाचं नाक याच्या बाबतीत फार तिखट. मोठ्या विहिरीत चिमूटभर टाकला तरी कळतो. उकळून, गाळून, तुरटी फिरवून तो जात नाही. वर क्लोरीनचा आणि जुन्या नळांचा लोखंडी कडवटपणा. चहाला गाळाची चव, वरणाला गाळाची चव. सकाळी चूळ भरली की तळ्यात तोंड घातल्यासारखं वाटायचं.

यावर खरा उपाय म्हणजे शुद्धीकरण केंद्रात कोळशाचे मोठे थर बसवणं आणि ते वेळोवेळी बदलणं. तो वर्षानुवर्षं फक्त सभांमधून होत होता. मग समस्वाद आला.

समस्वाद वृंदाच्या प्रयोगशाळेत तयार झाला. ती मला समजावून सांगायची तेव्हा लहानपणी मी तिला गोष्टी सांगायचो तसे हात हलवायची. "बाबा, जिभेवर कडू ओळखणारी कुलपं असतात, पंचवीसेक प्रकारची. कडू पदार्थाचा कण म्हणजे किल्ली. ती कुलपात बसली की मेंदूला निरोप जातो, कडू आहे, थुंका. समस्वादचा कण त्या कुलपात आधीच जाऊन बसतो. किल्लीला जागाच राहत नाही. मातीच्या वासाचं कुलूप नाकात असतं, त्यासाठी दुसरा कण."

"म्हणजे पाणी तेच राहतं?"

"पाणी आधीही सुरक्षितच होतं, बाबा. फक्त चव वाईट होती. लोक चवीमुळे पाणी कमी प्यायचे, मुतखडे व्हायचे. आता पोटभर पितील."

"आणि तो कण कुलपात किती वेळ बसतो?"

"काही मिनिटं. लाळेने धुऊन जातो."

दिवाळीत समस्वाद प्रयोग म्हणून पाण्यात पडायला लागला आणि गाव हरखलं. पाणी खरंच गोड लागायला लागलं. प्रत्येक नळावर हिरवा दिवा बसला. तो पेटला की पाणी उत्तम. लोकांनी घरचे फिल्टर काढून भंगारात दिले. वृंदाचा सत्कार झाला. मी मागच्या रांगेत बसून तो पाहिला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हेही सांगायला हवं.

*

वैशाखात सुनंदाने दुधीची भाजी केली.

दुधी चिरताना आधी एक फोड तोंडात टाकून बघायची, कडू लागली तर सगळा दुधी टाकून द्यायचा, हे आमच्याकडे बायका विळीवर बसायला शिकतात तेव्हाच शिकतात. सुनंदाने चाखलं. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभा होतो, मी पाहिलं. तिने फोड चावली, मान हलवली, आणि उरलेला दुधी चिरायला घेतला. अर्धा ठेवला फ्रिजमध्ये.

मला दुधी आवडत नाही. मी दहीभात खाल्ला. तिने माझ्या वाटणीची भाजीही खाल्ली, अन्न टाकवत नाही म्हणून.

तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. आधी मी लिंबूपाणी दिलं. मग उलटीत रक्त दिसलं आणि मी लिंबू तिथेच टाकून फोन लावला. रुग्णवाहिका आली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिचा रक्तदाब इतका उतरला होता की तिने मला ओळखलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. "दुधी खाल्ला होता का? कडू होता?"

"चाखून बघितला होता तिने," मी म्हणालो. "माझ्यासमोर."

"मग दुधी नसेल. कडू दुधीत विष असतं, पण इतका कडू दुधी कुणी घशाखाली उतरवूच शकत नाही."

वृंदा धावत आली. आईच्या उशाशी बसली, तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, असं ती डॉक्टरांना सांगत होती. आम्ही बाहेरचं काही खाल्लं नव्हतं. मी तसं म्हणालोही, पण बहुधा फार हळू.

सुनंदा वाचली. तोंडाने घ्यायला लागल्यावर तिला दवाखान्यातलं बाटलीबंद पाणी मिळायचं. निघायच्या आदल्या दिवशी तिने औषधाचा चमचा तोंडाशी नेला आणि चेहरा असा केला की शेजारच्या खाटेवरची बाई हसली.

"अहो, काय कडू आहे हे. कालपर्यंत तर सरबतासारखं होतं. औषध बदललं का त्यांनी?"

औषध तेच होतं. मी बाटली दोनदा वाचली.

*

आमच्या शेजारी हमीदाबाई मुजावर राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, जिभेने तिखट. दोन महिने रत्नागिरीला लेकाकडे राहून त्या नेमक्या परत आल्या. सुनंदाचं कळताच पिशवी न उघडता आमच्या दारात.

"काय हो खैरमोडे भाऊ, मी इथे नाही म्हटल्यावर हिला लगेच दवाखान्यात घातलीत?"

त्यांना कैरीचं पन्हं काढून द्यावं म्हणून मी फ्रिज उघडला. तो अर्धा दुधी तिथेच होता. मी त्याच्याकडे बघत किती वेळ उभा राहिलो, कोण जाणे.

"पन्हं प्यायला मिळणार आहे, की नुसती फ्रिजची हवा खायची?"

"हमीदाबाई," मी म्हणालो, "माझ्यासाठी एक काम कराल? नुसतं जिभेला लावा. गिळू नका. मी चुकत असेन. बहुतेक चुकतच असेन."

मी नखाएवढी फोड कापून त्यांना दिली. त्यांनी ती जिभेच्या टोकाला लावली आणि पुढच्या क्षणी त्या मोरीत होत्या. थुंकल्या, नळाचं पाणी घेऊन चुळा भरल्या, पुन्हा थुंकल्या.

"या अल्ला. विष आहे हो हे. सुनंदाताईंनी हे खाल्लं? सगळं?"

मी दुसरी फोड घेतली आणि जिभेला लावली. काहीच नाही. काकडी.

मी आणखी थोडा वेळ ती जिभेवर धरून बसलो. कडू लागावी म्हणून जिवाच्या आकांताने वाट बघत होतो. नळावरचा हिरवा दिवा समोर पेटलेला होता.

पाडव्याचा पाला कोवळा नव्हता. माझी जीभही म्हातारी झाली नव्हती. सगळ्या गावाची जीभ बांधून ठेवली होती आणि त्या गाठीखालून माझ्या बायकोने विष खाल्लं होतं.

*

वृंदाला हे सांगणं मला सगळ्यात जड गेलं. तिच्या कचेरीत गेलो. तिने माझं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. तो तिचा चांगुलपणा लहानपणापासूनचा.

"बाबा, एका शेजारणीच्या तोंडावरून निष्कर्ष काढायचा? तो कण काही मिनिटांत धुतला जातो. आम्ही माणसांवर मोजलंय."

"कसं मोजलं?"

"पेलाभर पाणी दिलं, आणि दर मिनिटाला कडू द्रावण चाखायला लावलं."

"एक पेला?"

"हो."

"वृंदा, आपण सकाळी त्या पाण्याने चूळ भरतो. चहा त्याचाच. कणीक त्यात मळतो, वरण त्यात शिजतं, जेवताना तेच पितो. लाळेने धुवायला मधे वेळ कधी मिळतो त्या कुलपांना? मला रसायन कळत नाही. पण तू घरी आली होतीस तेव्हा तूही चार पानं जास्तीची खाल्लीस."

ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "परवा सुनावणी आहे. समस्वाद कायम करायचा आणि सगळ्या जिल्ह्याला द्यायचा. तुम्ही तिथे बोलणार आहात?"

"विचार करतोय."

"त्याच्यावर माझं नाव आहे, बाबा. तुम्ही उभे राहिलात तर लोक म्हणतील, घरचेच विरुद्ध आहेत. मला पुन्हा प्रयोग करायला वेळ द्या. सहा महिने द्या."

"सहा महिन्यांत किती दुधी चिरले जातील?"

"तुम्ही असे कधीच बोलत नव्हता."

"नव्हतो बोलत," मी म्हणालो. "मी चुकत असलो तर तिथे सगळ्यांसमोर चूक ठरू दे. माझी ना नाही. पण गप्प बसणार नाही."

ती मला दारापर्यंत सोडायला आली नाही.

*

सुनावणी नगर सभागृहात होती. मंचावर पाणीपुरवठा प्रमुख इंगवले साहेब, दोन नगरसेवक, आणि कडेच्या खुर्चीत वृंदा. प्रत्येकासमोर बाटलीबंद पाणी ठेवलेलं. वृंदासमोर मात्र तिचा घरचा तांब्याचा लोटा. बाटली तिने शेजाऱ्याकडे सरकवलेली. हे मला तेव्हा दिसलं, पण त्याचा अर्थ नंतर लागला.

सभागृह भरलं होतं आणि खूश होतं. आमच्याच इमारतीतले कुलकर्णी उभे राहून म्हणाले, नातवंडं आता दूध नको, पाणीच द्या म्हणतात. टाळ्या पडल्या. इंगवले साहेब माणूस वाईट नव्हता. हसून म्हणाले, "हा कण फक्त पाण्याच्या चवीपुरता आहे. अन्नाच्या चवीवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. कुणाला शंका?"

हमीदाबाईंनी मला कोपराने ढोसलं. "उठा. नाहीतर मी उठते, आणि मी उठले तर बसवणं अवघड आहे."

मी उठलो. माझ्या हातात लिहून आणलेला कागद होता. ध्वनिक्षेपकासमोर तो उघडला आणि अक्षरं पळाली. सगळे बघत होते. मी खोकलो. कुणीतरी म्हणालं, "काका, पाणी प्या," आणि हशा झाला.

मी कागद खिशात ठेवला.

"मी प्रल्हाद खैरमोडे. वाचनालयात होतो. मला बोलता येत नाही. म्हणून मी हे आणलंय." पिशवीत इमारतीखालच्या कडुनिंबाचा जून, गडद पाला होता. "पाडवा नाही, मला ठाऊक आहे. तरी प्रत्येकाने पानं चावून बघा. नुसती. गूळ आणलेला नाही."

लोकांना गंमत वाटली. हमीदाबाईंनी आणि मी रांगांमधून पाला वाटला. सगळं सभागृह चघळायला लागलं. बकऱ्यांचा कळप बसल्यासारखं दिसत होतं. कुणाचंही तोंड वाकडं झालं नाही. कुलकर्णी म्हणाले, "ठीक आहे की. पुढे?"

"पुढे मंचावर," मी म्हणालो आणि पायऱ्या चढलो. गुडघे दुखले. इंगवले साहेबांपुढे पानं धरली.

"अहो आजोबा, हे काय नाटक?"

"तुम्ही म्हणालात ना, अन्नाच्या चवीवर परिणाम नाही. लोकांनी खाल्लाय पाला. तुम्हीही खा."

नाही म्हणायला कारण नव्हतं. समोर पाचशे माणसं आरामात पाला चघळत होती. त्यांनी रुबाबात मूठभर पानं तोंडात टाकली, दोनदा चावली, आणि त्यांचा सगळा चेहरा आत ओढल्यासारखा झाला. डोळ्यांत पाणी आलं. ते रुमालात थुंकले, बाटली उघडून गटागटा प्यायले, आणि पुन्हा थुंकले. दोन्ही नगरसेवकांनी आपापली पानं हळूच टेबलाखाली सोडली.

आधी हशा पिकला. मग तो विरत गेला. एकेक जण हातातल्या पानाकडे बघायला लागला. पहिल्या रांगेतल्या एका बाईने आणखी एक पान चावलं, मग आणखी एक, घाईघाईने, हरवलेलं काही शोधावं तसं.

"साहेब नळाचं पाणी पीत नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. "म्हणून त्यांना कडू लागलं. तुम्हाला नाही लागलं. माझ्या बायकोला दुधी कडू लागला नाही आणि ती मरता मरता वाचली. पाणी वाईट आहे ते वाईट लागू द्या. आमच्या जिभेला गप्प करू नका."

इंगवले साहेब रुमालाआडून म्हणाले, "हा शास्त्रीय पुरावा नाही. डॉक्टर खैरमोडे सांगतील."

वृंदा उठली. माझ्याकडे न बघता तिने माझ्या हातातली उरलेली पानं घेतली आणि तोंडात घातली. सगळ्यांसमोर, सावकाश, नीट चावून गिळली.

"मी दिवाळीपासून नळाचंच पाणी पिते," ती ध्वनिक्षेपकात म्हणाली. "मी केलेलं आहे म्हणून. मला काहीही कडू लागत नाहीये." तिने आपला लोटा उचलून दाखवला. "आम्ही एका पेल्यावर मोजलं होतं. चूक माझी आहे. समस्वाद आज बंद करा. सुनावणीनंतर नाही. आत्ता."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर माफीची नव्हती आणि रागाचीही नव्हती. लहानपणी सायकलवरून पडली की मला आधी सायकल उचलू द्यायची नाही, स्वतः उचलायची, तेव्हा अशी बघायची.

*

समस्वाद बंद झाला. आठवडाभरात गावाच्या जिभा मोकळ्या झाल्या आणि पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे मला शिव्या दिल्या.

"आलं तुमचं शेवाळ परत," कुलकर्णी लिफ्टमध्ये म्हणाले. "चहा पिववत नाही. समाधान झालं?"

"झालं," मी म्हणालो. लिफ्टमध्ये मी कुणाला उत्तर दिल्याची ही पहिलीच वेळ.

भंगारात गेलेल्या फिल्टरच्या जागी लोकांनी नवे घेतले. वृंदाने प्रयोगशाळा सोडली आणि शुद्धीकरण केंद्रात कोळशाच्या थरांचं काम मागून घेतलं. तिथे तिला अजून खुर्चीही मिळालेली नाही. सभेत ठराव झाला आहे, आणि कोरणगावात ठराव म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी रोज सकाळी नळ उघडतो, पेला भरतो, एक घोट घेतो. तळ्यातला गाळ, गंजका खिळा. सुनंदा माझं तोंड बघून हसते आणि मग स्वतः घोट घेऊन तसंच तोंड करते. मग मी तक्रार केंद्राला फोन लावतो.

आयुष्यात मी कुठे तक्रार केली नव्हती. हॉटेलात भाजीत केस निघाला तर तो बाजूला काढून जेवणारा माणूस मी. पहिल्या दिवशी पलीकडून आवाज येताच मी दोनदा फोन ठेवून दिला होता. आता पलीकडची मुलगी आवाज ओळखते.

"आजोबा, आज पण?"

"आज पण. पाणी वाईट लागतंय."

"हिरवा दिवा आहे ना पण?"

"दिव्याला जीभ नसते, बाळ. लिहून घे."

काल मी फोन ठेवला तेव्हा सुनंदा विळीवर बसली होती. समोर दुधी. मी दारात थांबलो. तिने एक फोड कापली, तोंडात टाकली, आणि डोळे मिटून बराच वेळ चघळली. मग तिने ती ओंजळीत थुंकली, दुधी उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"कडू?" मी विचारलं.

"कडू," ती म्हणाली, आणि तोंड धुवायला उठली. "बटाट्याची करते. आणि त्या पोरीला पुन्हा फोन लावा, माझ्या नावाने. मघाशी तुमचीच एक तक्रार गेली फक्त."

मी फोन लावला.